नव्या माशांचा सव्वा महिना

पडवीच्या कोपऱ्यात, जुन्या पाट्या-वरवंट्याशेजारी एक काळा टब ठेवलाय. त्यात तीन मासे आहेत. दोन कॉमेट गोल्डफिश आणि एक पांढरी कोई, जिच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवल्यासारखा लाल ठिपका आहे. त्यांना घरी येऊन आज 23 दिवस झाले. हौद तिथून पंधरा पावलांवर आहे. हौदात जागा आहे, पाणी नितळ आहे, कुमुदाला कळ्या आल्यात. तरी हे तिघं टबातच आहेत.

शेजारच्या काकू रोज सकाळी जास्वंदीची फुलं न्यायला येतात आणि रोज विचारतात, "सोडले का गं?"

"नाही काकू, अजून सतरा दिवस."

"अगं, कोंडून कंटाळली असतील बिचारी."

काकूंना मी परवा म्हटलं, तुमच्या नातवाला सव्वा महिना कुणाच्या मांडीवर दिला होता का तुम्ही? त्या लगेच म्हणाल्या, "छे! बाहेरून आलेल्याला आधी हातपाय धुवायला लावायचे मी." मग त्यांना पटलं.

आपल्याकडे हे नवं नाही. माझं माहेर शेतकऱ्याचं. बाजारातून आणलेली म्हैस कधीच थेट दावणीला बांधली जायची नाही. आठ-पंधरा दिवस तिचा खुंटा वेगळा, तिची पाटी वेगळी, आणि धार काढणाऱ्यानं आधी घरच्या जनावरांची काढायची, शेवटी तिची. 2022 मध्ये लम्पी पसरला, जनावरांचे बाजार बंद झाले, तेव्हा या शिस्तीची सगळ्यांना पुन्हा आठवण झाली. 2020 मध्ये तर हातावर शिक्के मारून घरात बसायची वेळ माणसांवरच आली. माझं कराडला औषधांचं दुकान आहे, ते दिवस मी काउंटरमागून पाहिलेत. पण मासा पाण्यात असतो, चकचकीत दिसतो, त्याला ताप आलेला कळत नाही, तो कण्हत नाही. म्हणून जे म्हशीच्या बाबतीत सहज सुचतं ते माशाच्या बाबतीत सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं.

हौद माझ्या सासऱ्यांनी बांधला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. 2009 मध्ये घराचं वाढीव काम झालं, विटा उरल्या, त्यातून त्यांनी परसात 10 फूट लांब, 6 फूट रुंद, अडीच फूट खोल हौद बांधून घेतला. दगड आणि कुंड्यांची जागा वजा करून त्यात 4000 लिटर पाणी राहतं. पहिल्या वर्षी त्यात सहा छोटे गोल्डफिश सोडले. त्यातला एक पुढे वीतभर झाला, तांब्याच्या घंगाळासारखा रंग, म्हणून तो तांबू. अण्णा सकाळी चहाचा कप घेऊन काठावर बसले की तांबू येऊन त्यांच्या बोटाला तोंड लावायचा. आठ-नऊ वर्षांत पिल्लं झाली, काही बगळ्यानं नेली, काही राहिली. 2018 च्या जानेवारीत हौदात 14 मासे होते.

त्या जानेवारीत एका रविवारी मी बाहेरगावच्या एका मोठ्या दुकानातून चार नवे मासे आणले. धाकटीचा वाढदिवस होता. मासे तरतरीत होते, एकाचेही पर मिटलेले नव्हते. पिशवी अर्धा तास हौदात तरंगत ठेवली, मग तोंड सोडून सगळं पाणी माशांसकट हौदात ओतलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला वाटलं, पिशवी तरंगवली म्हणजे सगळी काळजी घेतली.

शुक्रवारी अण्णा म्हणाले, "तो नवा पाइपाला अंग घासतोय बघ." गाय खांबाला पाठ घासते तसा मासा पाइपाजवळून झर्रकन जायचा आणि कूस लावून परत यायचा. मी म्हटलं, रुळत असेल. सोमवारी सकाळी पाहिलं तर त्याच्या शेपटीवर पांढरे कण. रव्याचे दाणे शिंपडावेत तसे. संध्याकाळी तसेच कण आमच्या दोन जुन्या माशांवर. बुधवारी तांबू सोडून सगळ्यांवर.

पुढचे दोन आठवडे मी नीट सांगू शकत नाही. चार नवे गेले आणि जुन्या चौदातले अकरा गेले. शेवटी शेवटी मासे पाण्याच्या धारेखाली तोंड वर करून उभे असायचे, कारण तो रोग कल्ल्यांतही बसतो आणि श्वास घेता येत नाही. चार हजार लिटरला लिटरमागे 3 ग्रॅम मीठ म्हणजे 12 किलो. अण्णांनी स्वतः कुमुदाच्या कुंड्या उपसून बाहेर काढल्या आणि आम्ही खडे मीठ विरघळवून टाकत गेलो, पण तोवर फार उशीर झाला होता. रोज सकाळी अण्णा लिंबाच्या आळ्यात एक खड्डा खणायचे. मला ते काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "नऊ वर्षं या पाण्यात काही नव्हतं गं." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, आणि ते खरं होतं. त्या पाण्यात काहीच नव्हतं. जे आलं ते मी पिशवीतून आणलं.

नंतर मी वाचायला बसले. डी.फार्म झालेली बाई मी, डोस आणि दिवस यांच्यावर माझं घर चालतं, आणि या रोगाबद्दल मला अक्षर ठाऊक नव्हतं.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ज्याच्यामुळे होतो तो एकपेशीय जीव आहे. पण एवढा वाढतो की नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून त्याला खाणारा एकेक जीव. वर कातडीचं पांघरूण असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोट भरलं की तो बाहेर पडतो, तळाला जाऊन चिकटतो, स्वतःभोवती कोश करतो आणि आत एकाचे दोन, दोनाचे चार होत जातो. कोश फुटला की शेकडो पिल्लं मोकळी होतात आणि मासा शोधत पोहू लागतात. साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध किंवा मीठ लागू पडतं ते याच पोहणाऱ्या पिल्लांना, बाकी कुणाला नाही. म्हणून अंगावरचे ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं समजणारा फसतो. ठिपके गेले म्हणजे ते तळाला उतरले.

पाणी 24-25 अंश असेल तर हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो. पाणी थंड असेल तर लांबतो, 10 अंशांच्या आसपास महिना-महिना. आमच्याकडे जानेवारीत रात्री पाणी उतरायचं आणि दुपारी चढायचं. त्या चढउतारानं मासे आधीच दमलेले. नदीत एका पिल्लाला मासा गाठायला मैलभर पाणी असतं. दहा फुटी हौदात सगळे मासे हाताशी. एका फेऱ्यात शेकडो, दुसऱ्या फेऱ्यात हजारो. अण्णांचा हौद त्या जीवासाठी भरल्या ताटासारखा होता.

दुकानदाराला मी दोष देत नाही. आपल्याकडचे बरेच रंगीत मासे बंगालमधून आणि चेन्नईच्या कोलाथूर भागातून येतात. तिथून मुंबईच्या घाऊक बाजारात, तिथून गावोगावच्या दुकानात. आठवड्याभरात चार ठिकाणचं पाणी, चार जाळ्या, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, उपास. दुकानात एकच जाळी वीस टाक्यांत फिरते. असा प्रवास केलेल्या माशाच्या अंगात काय दबून बसलंय ते दुकानदारालाही दिसत नाही. आता मी दुकानात गेले की भाव विचारायच्या आधी विचारते, "हा माल कधी आला?" काल आला असेल तर पैसे देऊन ठेवते आणि दोन आठवड्यांनी न्यायला येते. तोवर जो टिकला तो माझा.

टबाचं सांगते.

तो 300 लिटरचा आहे, शेतीच्या दुकानातून आणलेला. वर मच्छरदाणीची जाळी ताणून कडेनं दोरी बांधलेली, कारण नवा मासा पहिल्या दोन रात्री उडी मारतो आणि आमच्याकडे मांजर आहे. आत मोठा पाइपाचा तुकडा, लपायला. एक एअर पंप, एक स्पंज फिल्टर. या स्पंजाबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल, कारण बहुतेकांचे नवे मासे रोगानं मरतच नाहीत, ते याच्या अभावी मरतात.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. हौदात त्याचा बंदोबस्त करणारे जिवाणू दगडांवर, फिल्टरमध्ये वस्तीला असतात. कोऱ्या टबात, कोऱ्या स्पंजात ते नसतात. ती वस्ती बसायला महिनाभर जातो. म्हणजे तुम्ही मोठ्या प्रेमानं माशाला वेगळं ठेवलंत आणि त्याच्याच लघवीत त्याला गुदमरवलंत. कल्ले लाल होतात, मासा पृष्ठभागावर येतो, आणि आपण म्हणतो, बघा, रोगीच होता. म्हणून माझ्या हौदाच्या फिल्टरमध्ये एक जादा स्पंज बारा महिने पडून असतो. मासे आणायचे ठरले की तो काढून टबात लावते, वस्तीसकट. टबात गेलेला स्पंज मात्र परत हौदात जात नाही. काम झालं की उकळायचा, उन्हात वाळवायचा, आणि हौदाच्या फिल्टरमध्ये नवा घालायचा. पहिले पंधरा दिवस मी रोज अमोनिया तपासते. दुकानात मिळणाऱ्या थेंबांच्या किटनं होतं. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झाक आली की त्याच क्षणी निम्मं पाणी बदलायचं. आमचं बोअरचं पाणी जड आहे, पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा) आठाच्या आसपास, आणि पीएच जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीनचे थेंब हवेतच.

पिशवीचंही एक गणित आहे, जे मला फार उशिरा कळलं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यानं पाण्याचा पीएच उतरतो, आणि उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया फारसं नुकसान करत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढू लागतो आणि तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून, थोडं थोडं पाणी घालत तासभर बसू नये. बंद असतानाच वीस मिनिटं तरंगवायची, उघडली की मासा ओल्या हातानं किंवा मऊ जाळीनं उचलून टबात, आणि पिशवीतलं पाणी बाहेर. त्या पाण्याचा थेंबही टबात नको.

त्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार-पाच दाणे.

मग मीठ. जाडं, आयोडीन नसलेलं. 300 लिटरला 900 ग्रॅम, तेही एका दमात नाही. रोज 300, असे तीन दिवस, मगभर पाण्यात विरघळवून. दुकानातला वजनकाटा घरी आणते मी त्यासाठी. "मूठभर" नावाचं माप मला कुठल्याच औषधात मान्य नाही.

आणि मिठाच्या पलीकडे, काही दिसल्याशिवाय, मी काहीच घालत नाही. याबद्दल मला मनापासून बोलायचंय. दुकानावर रोज कुणीतरी येतं, "ताई, सर्दीला एक अँटिबायोटिक द्या, दोनच गोळ्या." मी देत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि अर्धवट डोसानं जंतू मरत नाही, शिकतो. तेच लोक माशाच्या टबात खबरदारी म्हणून एका दिवशी निळं औषध, दुसऱ्या दिवशी हिरवं, तिसऱ्या दिवशी माणसांची कॅप्सूल फोडून टाकतात. त्यात स्पंजातले जिवाणू मरतात, अमोनिया चढतो, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो, आणि तो थर हीच माशाची पहिली ढाल. टबात माशाला ठेवतो ते त्याच्याकडे बघण्यासाठी. आधी बघायचं. काय आहे ते कळलं तर त्याचंच औषध, मोजून, आणि पूर्ण दिवस.

बघायला मी एक वही ठेवलीय, दुकानाच्या जुन्या डायरीची. रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन पडवीत जाते. बॅटरी वरून नाही, बाजूनं धरायची, म्हणजे अंगावरचा कण सावली टाकतो. पर उघडे आहेत का. अंग घासतोय का. दोन्ही कल्ले सारखे हलतात का, की एकच, कारण एक कल्ला मिटून श्वास घेणाऱ्या माशाच्या कल्ल्यांत बारीक कृमी असू शकतात. विष्ठा रंगीत की पांढऱ्या दोऱ्यासारखी. खवले अननसासारखे उभे राहिलेत का. दोन ओळी लिहायच्या. कधीकधी वीस-वीस दिवस एकच ओळ असते: खाल्लं, घासत नाही, पर उघडे.

2021 च्या ऑक्टोबरात अशाच एका रात्री, नवव्या दिवशी, एका कोईच्या परामागे एक खवला हलला. मला वाटलं पाण्याचा भास. परत पाहिलं तर तो "खवला" दोन बोटं पुढे सरकला होता. मासा ओल्या फडक्यात धरून मी तो चिमट्यानं काढला आणि पांढऱ्या बशीत ठेवला. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, हिरवट आणि आरपार दिसणारा. दोन काळे डोळे. बशी उलटी धरली तरी पडेना, पोटाखाली दोन गोल चूषक असतात त्यांनी चिकटून बसला होता. माशांची ऊ. मत्स्यशेती करणाऱ्यांना रोहू-कटल्यावर ही नेहमी दिसते. ती सोंडेनं टोचून रक्त पिते, आणि त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात.

धाकटी तेव्हा अकरावीत होती. तिनं भिंग आणलं आणि आम्ही टबाची भिंत तपासायला घेतली. पाण्याखाली, हवेच्या नळीमागे, बोटभर लांबीची एक पट्टी सापडली. खसखशीहून बारीक, पिवळसर अंडी, कुणी मापून मांडल्यासारखी ओळीनं. ही ऊ अंडी घालायला मासा सोडून जाते आणि दगड, बांबू, काच, जे टणक मिळेल त्यावर चिकटवते. आपल्या हवेत ती फुटायला दोनेक आठवडे जातात. मत्स्यशेतीवाले म्हणूनच तळ्यात बांबू नाहीतर फळ्या रोवून ठेवतात. अंडी तिथं पडली की फळी काढून कडक उन्हात. हौदात हे झालं असतं तर दगडादगडाखाली शोधायला मी कुठं गेले असते? इथं टब होता. मासे दुसऱ्या टबात हलवले, पहिला ब्लीचिंगनं घासून आठवडाभर उन्हात पालथा घातला. चार दिवसांनी आणखी एक ऊ मिळाली, मग एकही नाही. वहीत त्या तारखेवर रेघ मारली आणि दिवस पहिल्यापासून मोजले. मोजणी मासा आल्या दिवसापासून करायची नसते, शेवटचं काही दिसलं त्या दिवसापासून करायची. दोन आठवड्यांत उरकणाऱ्यांना मी हेच सांगते: तुमचे दोन आठवडे संपले त्या रात्री ती अंडी फुटली असती.

माशांचं मी शिकले तरी पाण्याचं शिकायचं राहिलं होतं. त्याआधी, 2019 च्या पावसाळ्यात, एका रोपवाटिकेतून गुलाबी कुमुद आणलं. कुंडी नुसती धुतली आणि हौदात ठेवली. मासा थोडाच आणला होता! रोपवाटिकेच्या ज्या सिमेंटच्या टाकीत ते होतं, त्यात मासेही होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. महिन्याभरात आमच्या दोन माशांच्या अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबू लागलं, टोकाला दुभंगलेलं. नांगरकृमी, म्हणजे अँकर वर्म. तिचं डोकं नांगरासारखं मांसात रुतलेलं असतं बाहेर लोंबतं ते तिचं धड, आणि टोकाला असतात त्या अंड्यांच्या दोन पिशव्या. बारीक पिल्लं पाण्यात पोहत असतात, ती मुळांच्या चिखलातून आली. तेव्हापासून झाडालाही टब. रोप पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं, मग माशाविना महिनाभर वेगळ्या घमेल्यात. ज्यांना जगायला मासाच लागतो ते तेवढ्यात उपाशी मरतात. गोगलगायीला हाच नियम. शेजारच्या मुलानं डासांसाठी म्हणून ओढ्यातून बाटलीत गप्पी आणले, त्यांनाही. आरोग्य खातं गप्पी फुकट वाटतं आणि ते काम फार मोलाचं आहे, पण गप्पीही मासाच आहे. चमचाभर पाणी आलं तरी ते कुठल्यातरी तळ्याचं पाणी आहे.

जाळ्या दोन आहेत. हौदाचीला निळी सुतळी, टबाचीला लाल. बादल्याही तशाच. आधी हौदाचं खाणं, मग टबाचं, मग साबणानं हात. हाताला कापलं असेल तर हातमोजा घालून, कारण माशांचे काही जिवाणू माणसाच्या जखमेतही घर करतात. टबाचं पाणी गटारात किंवा ओढ्यात कधीही जाऊ देत नाही. आमचा ओढा पुढं कृष्णेला मिळतो, आणि गोल्डफिश, कोई, रोहू, कटला, मृगळ सगळे एकाच कुळातले. ते पाणी नारळाच्या आळ्यात जातं, नारळाला मिठाचं वावडं नाही.

एका गोष्टीपुढे मात्र हा टबही कमी पडतो. कोईंचा एक विषाणूरोग आहे, कोई हर्पीस. 1998 मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला. लागण झालेल्या तळ्यात शंभरातले ऐंशी-नव्वद मासे जाऊ शकतात आणि वाचलेले तो अंगात बाळगून राहतात. त्याला औषध नाही. आणि तो दिसतो फक्त ठरावीक पाण्यात, साधारण 18 ते 28 अंश. पाणी त्याहून थंड किंवा गरम असेल तर विषाणू गप्प बसतो, मासा ठणठणीत दिसतो. म्हणजे जानेवारीच्या गारठ्यात किंवा मे महिन्याच्या उन्हाळ्यात, चाळीस दिवस वेगळे ठेवलेले मासेही खोटा दाखला देऊ शकतात. म्हणून मी मासे दोनच वेळा आणते, दिवाळीच्या आधी किंवा महाशिवरात्रीच्या सुमाराला, जेव्हा पडवीतलं पाणी 22 ते 26 च्या मध्ये राहतं. थर्मामीटर टबात कायम लोंबतोय.

आणि शेवटची परीक्षा उरते, ती मला आजवर कधी देववली नव्हती. जाणते लोक सांगतात, शेवटचे दोन आठवडे हौदातला एक जुना मासा नव्यांच्या टबात ठेवा. नव्यांच्या अंगात काही दबून असेल, ज्याची त्यांना स्वतःला सवय झालीय, तर ते जुन्याला होईल. एक जाईल, पण हौद वाचेल. हिशेब बरोबर आहे. पण तो एक कोण, हे मी ठरवायचं. मागच्या दोन्ही खेपेला मी ते टाळलं आणि देवाचं नाव घेऊन सोडले. या वेळी मात्र टाळायचं नाही असं ठरवलंय.

आज संध्याकाळी दुकानातून लवकर आले. अण्णा हौदाकाठी खुर्चीत होते. आता ते 84 वर्षांचे आहेत, वाकवत नाही, म्हणून दाणे लांबून टाकतात. तांबू सावकाश वर आला. त्याच्या मागून गेल्या पावसाळ्यातली पिल्लं, अजून रंग न बदललेली, शेवाळासारखी काळपट. त्यातलं एक सगळ्यांच्या पुढं असतं, दाणा पडायच्या आधी तोंड उघडून.

"सव्विसाव्या दिवशी एकाला टबात पाठवायचंय अण्णा," मी म्हटलं, "सोबतीला."

त्यांना सोबतीचा अर्थ कळला. बराच वेळ ते पाण्याकडे बघत राहिले.

"कुणाला?"

"त्या पुढच्या काळ्याला. तब्येतीनं चांगलाय."

अण्णांनी हातातले उरलेले दाणे त्याच्या बाजूला टाकले.

"चाळीस झाले की मला बोलव," ते म्हणाले. "त्याला आधी सोड, मग त्या तिघांना."